थापाडे पूर्वज

आयर्लंडच्या बेटावर आज माणसं राहतात सत्तर लाखांच्या आसपास. अमेरिकेत ‘आम्ही मूळचे आयरिश’ असं सांगणारे लोक आहेत तीन कोटींहून जास्त. देशापेक्षा देशाचे मूळनिवासी चौपट, आणि तेही समुद्रापलीकडे! मुलं मार्गी लागली, पेन्शन सुरू झालं, गुडघे अजून साथ देताहेत, अशा वयाला पोचलेली यातली बरीच मंडळी दर उन्हाळ्यात डब्लिनला उतरतात. अंगात हिरवा स्वेटर, काखेत फाइल आणि फाइलमध्ये एका दाढीवाल्याचा पिवळा पडलेला फोटो. सोयीसाठी आपण अशा गृहस्थांना मर्फीसाहेब म्हणू. फोटोतला दाढीवाला त्यांच्या पणजोबांचा बाप, नाव पॅट्रिक मर्फी.

“कुठले हो ते?” दप्तरखान्यातला कारकून विचारतो.

“आयर्लंडचे!” मर्फीसाहेब छाती पुढे काढून सांगतात.

कारकून क्षणभर डोळे मिटतो. मर्फी हे आयर्लंडमधलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव. पॅट्रिक या नावाबद्दल तर बोलायलाच नको. पण कारकुनाला सौजन्याने वागणं भाग असतं, कारण हे पाहुणे देशाला परवडणारे आहेत. २०१३ साली तर सरकारी पर्यटन खात्याने ‘द गॅदरिंग’ नावाचा वर्षभराचा सोहळाच भरवला आणि जगभरच्या आयरिश वंशजांना घरी या, घरी या, म्हणून आवतण धाडलं. गेब्रिएल बर्न या आयरिश नटाने ही चक्क लुबाडणूक आहे असं आधीच सांगून टाकलं होतं. तरी लोक आले. पूर्वजांसाठी लुबाडून घ्यायचीही माणसाची तयारी असते.

पूर्वज शोधायला निघालेल्या प्रत्येक घरात एक गोष्ट आधीपासून तयार असते. तीन भाऊ जहाजात चढले. एक न्यूयॉर्कला राहिला, एक बॉस्टनला, आणि तिसऱ्याचा पत्ताच लागला नाही. भाऊ नेहमी तीनच. चार भावांनी मिळून आयर्लंड सोडल्याचं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही, आणि बहीण तर या जहाजात कधीच नसते. दुसऱ्या घरातला पूर्वज जमीनदाराच्या कानफटात मारून रातोरात पळालेला असतो. कानफटीत खाऊन पळालेला पूर्वज कुणाच्याही घराण्यात नाही. तिसऱ्या घरात कुळी थेट राजापर्यंत पोचलेली असते.

ही राजाची हौस शास्त्रानेही पुरवली. २००६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी पुरुषांच्या गुणसूत्रातली एक खूण पाचव्या शतकाच्या सुमाराच्या नायल या राजाशी जोडली. नऊ ओलीस बाळगणारा राजा म्हणून हा नायल प्रसिद्ध आहे. जगात त्याचे वंशज तीसेक लाख पुरुष असावेत, असा अंदाज निघाला. ती खूण राजाच्याही बरीच आधीची दिसते, असं पुढे इतर अभ्यासकांनी म्हटलं. पण तोवर तीस लाख लोकांनी डोक्यावर मुकुट कसा दिसतो ते आरशात पाहून घेतलं होतं.

कागद मात्र राजाबिजाबद्दल काही बोलत नाहीत. मुळात बोलायला कागद तरी उरले पाहिजेत.

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठी ‘फोर कोर्ट्स’ नावाची न्यायालयाची इमारत आहे. तिच्या आवारात देशाचा दप्तरखाना होता. १९२२ साली आयर्लंडला स्वातंत्र्य मिळालं आणि मिळालेलं स्वातंत्र्य पुरेसं आहे की नाही यावरून लगेच आपसांत जुंपली. एका बाजूने इमारत बळकावली, दुसऱ्या बाजूने तिच्यावर तोफा डागल्या, आणि ३० जून रोजी प्रचंड स्फोट होऊन सात शतकांचं दप्तर आभाळात गेलं. जळके कागद उडत उडत थेट होथच्या बंदरापर्यंत जाऊन पडले म्हणतात. स्फोटाचा दोष कुणाचा, यावर अजून वाद चालतो. एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या चार खानेसुमाऱ्यांच्या बहुतेक सगळ्या वह्या, शेकडो चर्चची रजिस्टरं, पिढ्यानपिढ्यांची मृत्युपत्रं, सगळं एका दुपारी आटोपलं.

“मग पुढच्या खानेसुमाऱ्या?” मर्फीसाहेब आशेने विचारतात.

त्यांना आग लागली नाही. त्यांची वाट सरकारने स्वतः लावली. १८६१ आणि १८७१ च्या वह्या आकडे काढून झाल्यावर रीतसर हुकूम देऊन नष्ट केल्या. १८८१ आणि १८९१ च्या वह्या पहिल्या महायुद्धात कागदटंचाई झाली तेव्हा लगदा करायला दिल्या. त्यामुळे आयर्लंडची सबंध देशाची म्हणून जी खानेसुमारी आज पाहायला मिळते ती सुरू होते १९०१ पासून, आणि मर्फीसाहेबांचा पॅट्रिक त्याच्या पन्नास वर्षं आधीच बोटीत बसलेला असतो.

बरं, अमेरिका तरी पुढारलेली? तिथे १८९० च्या जनगणनेचे कागद वॉशिंग्टनला एका सरकारी इमारतीच्या तळघरात होते. जानेवारी १९२१ मध्ये तिथे आग लागली. काही जळले, काही बंबाच्या पाण्याने भिजले. भिजलेले कागद पुढे बरीच वर्षं पडून राहिले आणि १९३३ च्या फेब्रुवारीत काँग्रेसने ते नष्ट करायला परवानगी दिली. आदल्याच दिवशी अध्यक्ष हूवर यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवली होती. जुनं दप्तर टाकून दिल्याशिवाय नव्या दप्तरखान्यात जागा कशी होणार? न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर येणाऱ्या लोकांच्या नोंदणीसाठी लाकडी इमारत बांधली होती, ती १८९७ च्या जूनमध्ये जळाली. जीवितहानी झाली नाही, पण मागच्या चाळीसेक वर्षांचे बरेच कागद गेले. वॉशिंग्टन, डब्लिन, एलिस बेट: ज्या वाटेने पॅट्रिकचं घराणं गेलं त्या वाटेवर आगीने प्रत्येक मुक्कामाला हजेरी लावलेली आहे.

उरलं काय? उरली रिचर्ड ग्रिफिथ या गृहस्थांची कृपा. १८४७ ते १८६४ या काळात त्यांनी कर बसवण्यासाठी सगळ्या देशाची घरं-जमिनी मोजून घेतल्या. कोणत्या वाडीत कोणाच्या ताब्यात किती जमीन, मालक कोण, किंमत किती पौंड किती शिलिंग, सगळं छापून ठेवलं. तेव्हा देशात दुष्काळ चालू होता. १८४५ पासून बटाट्याला रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. माणसं मरत असताना मोजणी चालूच होती. आज वंशज तिच्यावरच जगतात. फक्त ग्रिफिथसाहेबांना घरात जो कर भरणार तोच दिसत असे. बायको, मुलं, म्हातारी आई यांच्याकडून पैसे निघण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांची नावं नाहीत.

इथे पॅट्रिक मर्फी सापडतो. मग दुसरा सापडतो. एकाच वाडीत पाच सापडतात. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला बापाचं, अशी तिथली रीत होती. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आपल्याकडेही आहे, पण आपण निदान पाळण्यातलं नाव, हाक मारायचं नाव असा घोळ घालून थोडी विविधता आणतो. तिथे म्हाताऱ्या पॅट्रिकला पाच मुलगे झाले की प्रत्येकाच्या घरी एक पॅट्रिक जन्माला येणारच. सगळे चुलतभाऊ, सगळे एका वयाचे, सगळे एका चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेले. मोजणीवाले शेवटी कंटाळून नावापुढे ‘तांबडा’ किंवा बापाचं नाव लिहून मोकळे होत. एका पिढीतल्या माणसाच्या केसांचा रंग हाच सरकारदरबारी त्याचा पुरावा.

वाडीचं नाव माहीत असेल तर हे सगळं. आयर्लंडमध्ये अशा वाड्या आहेत साठ हजारांच्या वर, आणि किलमोर नावाच्या इतक्या आहेत की तेवढ्यासाठी स्वतंत्र सुट्टी काढावी. अमेरिकेतल्या मृत्यूच्या दाखल्यावर, थडग्यावर, जनगणनेत सगळीकडे जन्मस्थान लिहिलेलं असतं ‘आयर्लंड’. गावाला सोडून आलेल्या माणसाने गावाचं नाव पोरांना सांगितलं नाही. पोरांनी विचारलं नाही. आता खापरपणतू विमानाचं तिकीट काढून विचारायला आला आहे.

याच्यावर उपाय दोन. पहिला, वर्तमानपत्राचा. बॉस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक साप्ताहिकात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती येत. अमुक वाडीचा अमुक, अमुक साली क्वीन्सटाउन बंदरातून निघाला, शेवटचं ऐकलं तेव्हा रेल्वेच्या कामावर होता, बहीण किंवा बायको शोधते आहे. यातल्या काही नवऱ्यांना सापडायचं नसावं अशी दाट शंका येते. पण शोधणाऱ्या बायकोने खर्च करून गाव, तालुका, बापाचं नाव, सगळं छापून ठेवलं आहे. नवरा तिला मिळाला की नाही देव जाणे, पणतवंडांना मात्र मिळाला.

दुसरा उपाय बँकेचा. न्यूयॉर्कला १८५० मध्ये आयरिश लोकांसाठी ‘एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक’ निघाली. खातेदारांतल्या कितीतरी जणांना सही येत नव्हती, आणि पॅट्रिक मर्फी या नावाने पैसे काढायला रोज दहा जण येऊ शकत होते. म्हणून खातं उघडतानाच बँक जन्मगाव, जहाजाचं नाव, आल्याचं साल, आईचं माहेरचं नाव, भावंडं कुठे आहेत, असे प्रश्न विचारून उत्तरं वहीत टिपून ठेवी. पैसे काढताना उत्तरं जुळली पाहिजेत. आपल्या पूर्वजाने आयुष्यात फक्त एका ठिकाणी सगळं खरं सांगितलं, तर ते इथे. स्वतःचेच पैसे अडकले होते ना! आज त्या वह्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत, आणि वंशावळ शोधणारे तिथे देवळात जावं तसे जातात.

बाकी सगळीकडे पूर्वज थापा मारत होता. एवढे कागद पाहिलेल्या माणसाला हे मान्य करावंच लागतं. सुरुवातीला शोधणारा चिडतो. पुढे त्याच्या लक्षात येतं की खरं बोलणारा पूर्वज ओळखूच येत नाही. जन्मला, लग्न केलं, मेला, हे सगळ्यांचं सारखंच असतं. थाप मात्र ज्याची त्याची असते. माणूस काय लपवत होता, कोणाला घाबरत होता, किती पैसे वाचवायला पाहत होता, ते तिथेच कळतं.

आता हेच पाहा. १८६४ पासून आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सक्तीची झाली. ठरल्या मुदतीत नोंद केली नाही तर दंड. कचेरी दहा मैलांवर, शेतात काम, बाहेर पाऊस. बाप जायचा त्याला सवड होईल तेव्हा, आणि दंड चुकवायला मुलाची जन्मतारीख बेतशीर पुढे सरकवायचा. इकडे पाद्रीबुवांनी मात्र पोराच्या डोक्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पाणी शिंपडलेलं असायचं, आणि तारखेसकट लॅटिनमध्ये लिहून ठेवलेलं असायचं. त्यामुळे आयर्लंडमध्ये अशी किती तरी मुलं आहेत ज्यांचा बाप्तिस्मा आधी झाला आणि जन्म नंतर. देवाने आणि सरकारने एकमेकांचं दप्तर कधी तपासलं नाही, म्हणून त्या बापाचे शिलिंग वाचले.

पोलीस कोर्टाच्या वह्या तर याहून बोलक्या. चर्चची पुष्कळ रजिस्टरं जळाली, पण गावोगावच्या छोट्या कोर्टांची दप्तरं बरीच वाचली. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा, गाय दुसऱ्याच्या शेतात, शेजाऱ्याला शिवीगाळ, बिनपरवान्याचा कुत्रा. कुत्रा पाळायला परवाना लागे आणि १८६० च्या दशकापासून त्याचं वेगळं रजिस्टर होतं. कुत्र्याच्या मालकाचं नाव, गाव, कुत्र्याची जात, नर की मादी, आणि रंग. मर्फीसाहेबांना आपल्या पूर्वजाचे डोळे निळे होते की घारे हे कधीच कळणार नाही. त्याचा कुत्रा मात्र काळा-पांढरा होता, याला सरकारी पुरावा आहे.

१९०१ च्या खानेसुमारीचा फॉर्म जवळून पाहण्यासारखा आहे. मोजणीला घरी येई पोलीस शिपाई. भिंती दगड-विटांच्या असतील तर एक गुण, मातीच्या असतील तर शून्य. छप्पर कौलारू किंवा स्लेटचं असेल तर एक, गवताचं असेल तर शून्य. मग खोल्या किती आणि दर्शनी भिंतीला खिडक्या किती, यांची बेरीज करून घराचा दर्जा ठरे. दुसऱ्या कागदावर डुकराचं खुराडं, गाईचा गोठा, कोंबड्यांची खोपी यांची मोजदाद. घरात अंध, मुका, ‘मूर्ख’ किंवा ‘वेडा’ कोणी आहे का, असाही रकाना होता, आणि तो भरायचा घरातल्या कर्त्या पुरुषाने. एवढी मोकळीक असूनही सासूचं नाव तिथे कोणी लिहिलेलं फारसं दिसत नाही, यावरून आयरिश जावयांच्या धैर्याची कल्पना येते.

१९११ मध्ये आणखी एक प्रश्न वाढला. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, किती जगली? हा प्रश्न सवाष्णींसाठी होता. विधवांनी उत्तर द्यायचं नव्हतं. पण कितीतरी विधवांनी ते दिलं, आणि नियमाप्रमाणे शिपायाने त्यावर रेघ मारली. रेघेखालचं आजही वाचता येतं. अकरा जन्मली, सहा राहिली, असं एखादीने लिहिलेलं असतं. विचारलं नव्हतं, पण सांगायचं होतं. वंशज त्या खोडलेल्या ओळीसाठी सगळा फॉर्म माफ करतात.

थापा फक्त गरिबांच्याच असतात असं मात्र नाही. आयरिश स्थलांतरितांतली सगळ्यांत प्रसिद्ध मुलगी पाहा. कॉर्कची ॲनी मूर. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटाचं नोंदणी केंद्र उघडलं आणि पहिलं नाव लागलं तिचं. नेवाडा नावाच्या जहाजाने ती क्वीन्सटाउनहून दोन धाकट्या भावांना घेऊन निघाली होती. आई-बाप आधीच न्यूयॉर्कला पोचले होते. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, आज तिचा पंधरावा वाढदिवस. जहाजाच्या यादीत वय होतं तेरा. कॉर्कच्या कागदांप्रमाणे ती सतरा वर्षांची होती आणि वाढदिवस एप्रिलमध्ये. पण अमेरिकेचं दार उघडायचं, वर्षाचा पहिला दिवस, सोन्याचं नाणं, एवढा मुहूर्त जुळून आल्यावर वाढदिवस एप्रिलमध्ये ठेवणं वर्तमानपत्रांना परवडणारं नव्हतं.

पुढची गंमत तिच्या आयुष्याची. गोष्ट अशी प्रचलित होती की ॲनी पश्चिमेकडे टेक्ससला गेली, डॅनियल ओकॉनेल या आयरिश पुढाऱ्याच्या वंशातल्या माणसाशी तिचं लग्न झालं आणि १९२३ साली ट्रामखाली सापडून ती वारली. अमेरिकेला आवडेल असं सगळं यात होतं: पश्चिम, थोर घराणं, अपघात. तिचे वंशज म्हणून टेक्ससची मंडळी एलिस बेटावरच्या समारंभांना मानाने येत. मग मेगन स्मोलेन्याक या वंशावळतज्ज्ञ बाईंनी जनगणनेचे साधे कागद उघडले. टेक्ससच्या ॲनी मूरचं जन्मस्थान लिहिलं होतं इलिनॉय. अमेरिकेत जन्मलेली मुलगी अमेरिकेत येणाऱ्यांच्या रांगेत पहिली कशी? बाईंनी खरी ॲनी शोधणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस लावलं, आणि २००६ साली काही आठवड्यांत ती सापडली.

ती टेक्ससला गेलीच नव्हती. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, बोटीतून उतरून जिथे आई-बापांकडे गेली त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत तिने सगळं आयुष्य काढलं. नवरा जर्मन वंशाचा, फुल्टनच्या मासळी बाजारात कामाला. दहा-अकरा मुलं झाली, त्यांतली निम्मी तरी लहानपणीच गेली. पन्नाशीत, १९२४ साली, तीही गेली. क्वीन्सच्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला २००८ साली, आयर्लंडहून आणलेला. तोपर्यंत तिचे पुतळे मात्र दोन उभे राहिले होते, एक तिच्या बंदरात आणि एक एलिस बेटावर. पुतळा कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, बाई कोण हे कोणालाच नाही.

आणखी एक थाप एलिस बेटाच्या नावावर खपते. तिथल्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं, असं अमेरिकेत घरोघर सांगतात. तो बिचारा निघाल्या बंदरावर तयार झालेली जहाजाची यादी समोर ठेवून फक्त नावं ताडून बघायचा. आडनाव बहुतेक वेळा पूर्वजाने स्वतःच बदललेलं असतं, नोकरी मिळावी म्हणून, नाही तर बॉस्टनमधल्या सावकारापासून सुटका व्हावी म्हणून. पण आपल्या माणसापेक्षा सरकारी कारकुनावर आळ घेणं सोपं जातं.

राष्ट्राध्यक्षांची तऱ्हा वेगळी. त्यांना पूर्वज शोधावा लागत नाही, पूर्वजांची गावं त्यांना शोधतात. केनेडी १९६३ मध्ये वेक्सफर्ड परगण्यातल्या डंगन्सटाउनला जाऊन दूरच्या नातेवाइकांच्या घरी चहा पिऊन आले. रीगन १९८४ मध्ये बॅलीपोरीनला गेले; तिथल्या दारूच्या गुत्त्याला त्यांचं नाव दिलं होतं, आणि पुढे तो गुत्ताच आतल्या सामानासुमानासकट कॅलिफोर्नियातल्या रीगन ग्रंथालयात नेऊन मांडला. ओबामांच्या आईकडचा पूर्वज फॉल्मथ कर्नी हा मनीगॉल गावच्या चांभाराचा मुलगा, १८५० साली अमेरिकेला गेलेला. तो सापडला गावच्या चर्चच्या रजिस्टरात, आणि ते रजिस्टर वाचलं ते डब्लिनच्या दप्तरखान्यात गेलं नाही म्हणून. सरकारी आदेश काटेकोरपणे पाळणारा पाद्री त्या गावाला मिळाला असता तर? २०११ मध्ये ओबामा तिथे जाऊन गिनेस प्यायले आणि डब्लिनच्या भाषणात म्हणाले की आडनावातून हरवलेली, ‘ओ’नंतरची ॲपॉस्ट्रॉफीची खूण शोधायला आपण आलो आहोत. आता मनीगॉलजवळ महामार्गावर ‘बराक ओबामा प्लाझा’ आहे. तिथे पेट्रोल भरता येतं.

ज्यांचा पॅट्रिक बॉस्टनऐवजी मुंबईला गेला, ते वंशज सगळ्यांत सुखी. हसण्यावारी नेऊ नका. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या फौजेत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. ‘रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स’ ही पलटण तर १८८१ मध्ये थेट ‘रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स’ची दुसरी तुकडी झाली. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, दफनांच्या नोंदींची नक्कल नेमाने लंडनला जात असे, आणि त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत सुखरूप आहेत. भरतीच्या वेळी वय खोटं सांगणारे पुष्कळ. पण कंपनी उंची मोजून घेई, डोळ्यांचा आणि केसांचा रंग लिहून घेई. तेव्हा पुण्याच्या छावणीत पटकीने गेलेला आयरिश शिपाई कागदावर धडधाकट उभा आहे, आणि कॉर्कमध्ये म्हातारपण काढून मेलेला त्याचा भाऊ धूर झाला. घर सोडून जितकं लांब जावं तितकं दप्तर चांगलं, हा आयरिश वंशावळीचा एक नियमच म्हणायचा.

आणि आता सगळ्यांत थोर थाप. १९०८ मध्ये ब्रिटिश सरकारने वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा केला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरजूंना आठवड्याला पाच शिलिंग. आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्याच ताब्यात. देशात एकाएकी इतके म्हातारे निघाले की सरकारचे सगळे अंदाज कोसळले. १८६४ च्या आधीचे जन्मदाखलेच नव्हते, मग वय सिद्ध करायचं कसं? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडमध्ये भयंकर वादळ झालं होतं. ते आठवतं म्हणणारा सत्तरच्या पुढचा असणारच, असं अधिकाऱ्यांनी धरलं. झालं! गावच्या गाव त्या वादळात जागं होतं असं निघालं. त्या रात्री मी हातात बटाटा धरून खाण्याएवढा होतो, असं जो तो सांगायला लागला म्हणतात. एवढ्या वादळात आयर्लंडभर लहान मुलं बटाटे खात बसली होती यावर सरकारने विश्वास ठेवायचा होता.

त्याचा परिणाम खानेसुमारीत दिसतो. १९०१ मध्ये पंचावन्न वर्षांची असलेली बाई १९११ मध्ये एकाहत्तर वर्षांची झालेली आढळते. दहा वर्षांत सोळा वर्षं म्हातारी. तिची अमेरिकेतली बहीण त्याच दहा वर्षांत फक्त सात वर्षांनी वाढलेली असते, कारण तिला तिकडे पेन्शन नव्हतं आणि नवरा लहान होता. एका आईच्या दोन मुली, एकीला पाच शिलिंग हवे होते, दुसरीला तारुण्य, आणि दोघींना जे हवं होतं ते त्यांनी रकान्यात लिहून घेतलं.

सरकारलाही संशय आला. १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमाऱ्यांच्या वह्या तेव्हा डब्लिनच्या दप्तरखान्यात धडधाकट होत्या. अर्जदाराने आई-बापांची नावं आणि वाडी सांगायची. कारकुनाने त्या वहीत ते कुटुंब शोधायचं आणि आई, बाप, भावंडं, वयं, सगळा उतारा एका फॉर्मवर लिहून द्यायचा. कधी म्हातारी खरी निघे, कधी त्या साली तिचा जन्मही झालेला नसे. अर्ज फेटाळला जाई आणि फॉर्म फाइलला लागे.

१९२२ मध्ये वह्या जळाल्या. फॉर्म राहिले.

आज दुष्काळाच्या आधीच्या एखाद्या आयरिश घरात कोण कोण होतं हे कळायचं असेल तर कितीदा तरी एवढाच कागद हाताशी असतो. ज्यांच्या वयाबद्दल सरकारच्या मनात काळंबेरं आलं नाही, ज्यांनी पेन्शन मागितलं नाही, जे वेळेवर मेले, त्यांची घरं त्या आगीत गेली. ज्या घरातल्या एका म्हातारीने पाच शिलिंगांसाठी वय वाढवायचा डाव टाकला, तिचा बाप, तिची आई, दुष्काळात मेलेली धाकटी बहीण, सगळे नावनिशीवार शिल्लक राहिले. देशाच्या दप्तरखान्याला जे राखता आलं नाही ते तिच्या हावरेपणाने राखलं. तेव्हा मर्फीसाहेबांनी आपल्या कुळात कोण निघावं यासाठी नवस बोलायचाच असेल तर राजा मागू नये. पकडली गेलेली एक लबाड आजी मागावी.